मशरूमचा रंग नंतर बघा, आधी बोट लावा

लातूरला क्लासच्या पोरांची मेस चालवते. बावीस ताटं असतात. रविवारी रात्री येसराचा मसाला घातलेला मशरूमचा रस्सा आणि ज्वारीची भाकरी, आणि त्या रात्री कुणी दांडी मारत नाही. पहिल्यांदा हा रस्सा केला तेव्हा सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कुत्र्याच्या छत्र्या खाऊ घालायलीस का गं लेकरायला?" आता त्याच दोन वाट्या घेतात, पण त्यांच्या त्या प्रश्नाला मी कधी हसले नाही. तो प्रश्न बरोबरच होता, फक्त चुकीच्या छत्रीला विचारला होता. त्याबद्दल शेवटी लिहिते.

बारावी झाली की पोरं पुण्याला, संभाजीनगरला जातात. चौघं मिळून खोली घेतात, छोटा फ्रिज घेतात आणि मग रात्री साडेनऊला फोटो येतो. "मावशी, मशरूम काळं पडलंय. खाऊ का फेकू?" फोटोवरून मला काही कळत नाही. मशरूम डोळ्यांनी कमी आणि बोटांनी नि नाकानं जास्त कळतं. तेच दर वेळी फोनवर सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून ठेवलेलं बरं.

आधी हे समजून घ्या

मशरूम म्हणजे अळिंबी. दहा भागांतले नऊ भाग पाणीच. २०० ग्रॅमची डबी आणली तर तुम्ही साधारण १८० ग्रॅम पाणी विकत आणलेलं असतं. वांग्याला, टोमॅटोला वरून चिवट साल असते, ती आतलं पाणी धरून ठेवते. मशरूमला तशी साल नाही. शिवाय तोडलं तरी ते जिवंतच असतं. श्वास घेत राहतं, तोही भाजीपाल्यापेक्षा जोरात, आणि त्या श्वासाबरोबर ओल आणि ऊब बाहेर टाकत राहतं.

ही ओल डबीतच कोंडली की मशरूम चिकट होतं. उलट ती सगळी उडून गेली की सुरकुततं. आपल्याला या दोन्हींच्या मधे राहायचंय. सुरकुतलेलं मशरूम मी रश्श्यात घालते, चिकट झालेलं फेकते. पुढचं सगळं याच एका गोष्टीवर चालतं.

घेताना

बाजारात दोन प्रकार दिसतात. पांढरं गोल बटण मशरूम आणि शिंपल्यासारखी पसरट धिंगरी. बटणाला वाढायला १४ ते १८ अंशांची थंडी लागते. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२ ला टेकतो, त्यामुळे ते एसीच्या खोलीतच पिकतं आणि लातूरच्या गंजगोलाई बाजारात येणारा बराच माल बाहेरून गाडीनं आलेला असतो. धिंगरीला मात्र आपली हवा बऱ्यापैकी मानवते, आणि सोयाबीनच्या भुसकटावर ती झकास येते. भुसकटाला मराठवाड्यात काय तोटा! गावाकडं कुणी धिंगरी करत असेल तर सकाळी तोडलेली मिळते. तशी मिळाली तर बटणाकडं बघूही नका.

डबी हातात घेतली की आधी उलटी करा. वरची मशरूम सगळी चांगलीच दिसतात, तशी रचलेलीच असतात. खाली पाणी साचलंय का, खालची दबून तपकिरी झालीत का, ते बघा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूनं थेंब जमले असतील तर ती डबी कधीतरी गरम झाली आणि पुन्हा थंड झाली असं समजा. पॅकिंगची तारीख बघा. टोपी दांड्याला घट्ट मिटलेली असली म्हणजे ताजं. टोपी उघडून खालच्या पाकळ्या दिसायला लागल्या म्हणजे जरा वय झालेलं, पण खराब नव्हे. ते आजच करायचं असेल तर मी घेते. त्याला चव उलट जास्त असते.

दोन गोष्टींवर नवखे फसतात. पहिली, कागदासारखा पांढराशुभ्र रंग. काही ठिकाणी मशरूम उजळ दिसावं म्हणून पोटॅशियम मेटाबायसल्फाइटच्या पाण्यातून काढतात. त्यामुळे पांढरं म्हणजे ताजं असं गणित मांडू नका. किंचित दुधाळ, कुठंकुठं काळ्या मातीचा कण चिकटलेलं मशरूम मला जास्त भरवशाचं वाटतं. ती माती म्हणजे घाण नव्हे. वाफेनं निर्जंतुक केलेल्या खतावर जो मातीचा किंवा कोकोपीटचा थर देतात त्याचे ते कण असतात, ते पुसलं की जातात. घरात कुणाला दमा असेल आणि अशा रसायनांचा त्रास होत असेल, तर फार चमकणारी डबी टाळलेलीच बरी.

दुसरी, प्लास्टिकला पडलेली बारीक भोकं. माझ्याकडचा एक पोरगा ती भोकं बघून दुकानदाराशी भांडून डबी परत देऊन आला होता. अरे बाबा, ती मुद्दाम पाडलेली असतात! मशरूम श्वास घेऊन डबीतला ऑक्सिजन संपवून टाकतं. हवाबंद आणि उबदार जागेत क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम नावाचा जिवाणू वाढू शकतो आणि त्याचं विष फार जहाल असतं. ते वासावरून कळेलच असंही नाही. ती भोकं हवा आत-बाहेर व्हावी म्हणून असतात. भोकं नसलेल्या घट्ट पिशवीत बांधून, बाहेर टोपलीत ठेवून कुणी मशरूम विकत असेल तर मी घेत नाही, फुकट दिलं तरी घेत नाही.

घरी नेताना

हे अगदी थोडक्यात. मशरूम सगळ्यात शेवटी घ्या. उन्हाळ्यात गाडीच्या डिक्कीत टाकू नका, सीटखाली भट्टी असते. मी थंड दुधाची पिशवी घेते, ती सुती फडक्यात गुंडाळते आणि डबी तिला टेकवून पिशवीत उभी ठेवते. वर कांदे-बटाटे टाकायचे नाहीत. दबलेल्या जागी मशरूम आधी तपकिरी होतं आणि मग तिथूनच नासायला लागतं. तासाभरात फ्रिजमधे गेलं पाहिजे.

फ्रिजमधे ठेवताना

माझी चूक आधी सांगते, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. पहिल्या वर्षी आठ डब्या आणल्या आणि रविवारी घाई नको म्हणून शुक्रवारीच सगळ्या धुतल्या. निथळून स्टीलच्या मोठ्या डब्यात भरल्या, वर घट्ट झाकण लावलं. मोठं शहाणपणाचं काम केलं असं वाटलं होतं. रविवारी झाकण काढलं तर आधी वास आला, शिळ्या मासळीसारखा. आत सगळी मशरूम जेली लावल्यासारखी गुळगुळीत, तळाला पिवळट पाणी. आठच्या आठ डब्या उकिरड्यावर. पोरांना त्या रात्री पिठलं खावं लागलं आणि त्यावर महिनाभर टोमणे ऐकले.

तेव्हा ठेवण्याआधी धुवायचं नाही, कापायचं नाही, दांडा काढायचा नाही. फार माती असेल तर कोरड्या फडक्यानं वरवर पुसा, बस.

डबी न फोडलेली असेल आणि उद्यापर्यंत करणार असाल तर तशीच ठेवा. फोडली असेल किंवा आत थेंब दिसत असतील तर मशरूम बाहेर काढा. कागदी पिशवी घ्या, साधी कोरी. तिच्यात ती सैल भरा, पिशवीचं तोंड एकदाच दुमडा. कागद ओल शोषतो आणि हवाही खेळती ठेवतो. कागदी पिशवी नसेल तर पसरट भांड्यात सुती फडकं किंवा टिश्यू अंथरा, त्यावर मशरूमचा एकच थर लावा, वरून दुसरं कोरडं फडकं पांघरा. फडकं ओलं झालं की बदला. धिंगरीलाही हेच, फक्त तिचे घोस मोडू नका. ती नाजूक असते, कडा लगेच फाटतात.

वर्तमानपत्रात मात्र गुंडाळू नका. भजी असोत की भाजी, छापलेल्या कागदाची शाई अन्नाला लागू नये असं अन्नसुरक्षा प्राधिकरणानं बजावून सांगितलंय, आणि मशरूम तर ओलं असतं, शाई लगेच धरतं.

फ्रिजमधे जागा मधल्या फळीवर. भाजीचा खालचा बंद कप्पा दमट असतो, तिथं कोथिंबीर खूश राहते, मशरूम नाही. बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवलंत तर कडेची गोठतात आणि सुटली की लगदा होतो. कांदा, लसूण, सुकट यांच्या शेजारी नको, मशरूम दुसऱ्याचा वास ओढून घेतं. आणि कच्चं मटण किंवा चिकन कधीही त्याच्या वरच्या फळीवर ठेवू नका. त्याचं पाणी खाली गळलं तर बाकी सगळी काळजी वाया.

फ्रिज ४ अंशांच्या आत असायला हवा. मेमधे आमच्याकडं दार दर पाच मिनिटांनी उघडतं, तेव्हा मी थंडीचा आकडा एकानं वाढवते. लाईट गेली तर दार उघडून 'थंड आहे का' बघत बसू नका. बंद दारात फ्रिज साधारण ४ तास थंडी धरतो. त्याहून जास्त वेळ लाईट नसेल तर कच्ची अख्खी मशरूम पुन्हा तपासून वापरता येतात, पण शिजवलेली भाजी टाकून द्यायची.

एवढं सगळं नीट केलं तर चांगलं ताजं बटण ५ ते ७ दिवस टिकतं, धिंगरी ३ ते ४ दिवस, आणि कापलेलं मशरूम जेमतेम दुसऱ्या दिवसापर्यंत. हे दिवस तोडणीपासून मोजायचे, तुम्ही घरी आणल्यापासून नाही. दुकानातच तीन दिवस गेले असतील तर तुमच्या वाट्याला उरलेलेच दिवस येतात.

खाऊ का फेकू?

आता मुख्य प्रश्न. मी रविवारी दुपारी सगळी मशरूम मोठ्या परातीत ओतते आणि एकेक हातात घेते. चार डब्यांना दहा मिनिटं लागतात.

आधी बोट. टोपीवरून अंगठा फिरवा. ताज्या मशरूमचा पृष्ठभाग कोरडा आणि मऊसर लागतो, तान्ह्या बाळाच्या टाचेसारखा. जरा दाबलं की परत वर येतो. अंगठा घसरला, भेंडी चिरल्यासारखा चिकटपणा लागला, की विषय संपला. तो चिकटपणा म्हणजे जिवाणूंची साय आहे. धुऊन जाते, आणि इथंच लोक फसतात. धुतल्यावर मशरूम पुन्हा बरं दिसतं. म्हणून तपासणी धुण्याआधी करायची, नंतर नाही.

मग एक शंका येते, डबीतल्या थेंबांनी ओलं झालंय की चिकट आहे? कोरड्या फडक्यानं पुसा आणि दोन मिनिटं पंख्याखाली ठेवा. नुसतं पाणी असेल तर टोपी कोरडी होते. चिकटपणा असेल तर पुसल्यावरही बोट सरकतं.

मग नाक. चांगल्या मशरूमला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा मंद वास असतो, किंवा काहीच नसतो. आंबूस, मासळीसारखा, किंवा मोरीत अमोनिया ओतल्यासारखा झणका आला तर फेका. पण एक ध्यानात ठेवा, डबी फोडल्याफोडल्या कोंडलेल्या हवेचा जरा वास येतोच. पाच मिनिटं उघडी ठेवा आणि पुन्हा घ्या. तो उडून गेला तर ठीक.

आणि मग डोळे, तेही सर्वांत शेवटी, कारण रंग सगळ्यात जास्त चकवतो. कापलेलं वांगं काळं पडतं तसंच मशरूमही पडतं. पेशी फुटल्या, हवा लागली की त्यातलं एन्झाइम काम करायला लागतं. कडेला तपकिरी, दाबलेल्या जागी डाग, पण बोटाला कोरडं आणि वास बरा, तर तेवढा भाग कापून टाका आणि बाकीचं वापरा. टोपीखालच्या पाकळ्या आधी गुलाबी, मग चॉकलेटी, शेवटी जवळजवळ काळ्या होतात. पोरांचे निम्मे फोटो याच पाकळ्यांचे असतात. ते मशरूमचं पिकणं आहे, तिथं त्याचे बीजाणू तयार होतात. एवढ्यावरून फेकू नका.

डाग मात्र खोलगट असतील, ओले चकाकत असतील आणि पसरत चालले असतील तर ते जिवाणूंचे असतात. अशी मशरूम मी बाजूला काढते आणि शेजारची दुप्पट बारकाईनं बघते.

बुरशीबद्दल जरा थांबून सांगते, कारण धिंगरीवर पांढरा कापूस दिसला की माणसं घाबरतात. मशरूम ही स्वतःच बुरशी आहे. धिंगरीच्या दांड्याच्या बुडाला, कधी टोपीवरही, पांढरी मऊ लव दिसते ती बहुतेक वेळा तिचीच वाढ असते. मांसल भाग घट्ट आहे आणि वास चांगला आहे तर लव पुसा आणि वापरा. पण हिरवी, निळी, काळी किंवा गुलाबी लव म्हणजे पाहुणी बुरशी. ती दिसली की तो घोस गेला. पावावर हिरवा डाग दिसला तर आपण पाव फेकतो ना, तसंच.

दांडा उभा चिरून बघा. आत बारीक बोगदे आणि पांढऱ्या अळ्या दिसल्या तर मिठाच्या पाण्यात बुडवून वाचवायच्या भानगडीत पडू नका. बावीस पोरांच्या ताटासाठी मी तेवढा धोका घेत नाही, तुम्हीही चौघांसाठी घेऊ नका.

एका डबीत एक-दोन खराब निघाली तर बाकीची तपासून वापरता येतात. चार-पाच निघाली, किंवा तळाशी चिकट पाणी असेल, तर सगळी डबी टाकायची. आणि "बघू जरा चाखून" हा प्रयोग नको.

यावर नेहमीचं उत्तर येतं, "मावशी, खळखळून उकळलं की सगळं मरतं." जिवाणू मरतात, त्यांनी आधीच सोडलेलं सगळं विष मरत नाही. स्टॅफिलोकोकस नावाच्या जिवाणूचं विष उकळूनही टिकतं. १९८९ साली अमेरिकेत डबाबंद मशरूममधून याच विषानं लोक आजारी पडले होते, आणि डबाबंद माल तर चांगला तापवलेलाच असतो. खराब झालेलं मशरूम झणझणीत येसरात लपतं, सुधारत नाही.

शिजवताना

धुवायचं ते आत्ता, कढई गॅसवर ठेवल्यावर. चाळणीत घ्या, नळाखाली भराभर फिरवा, लगेच फडक्यावर टाका आणि टिपून घ्या. पातेलंभर पाण्यात भिजत घालू नका. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आम्ही तांब्याभर पाण्यात भाज्या धुवायला शिकलो. ती सवय मशरूमला अगदी बरोबर बसते.

कच्चं खाऊ नका. सॅलडमधे कच्चं बटण घालायची फॅशन आहे, माझं मत विचाराल तर नको. शिजवल्यावर ते पचतंही बरं आणि अ‍ॅगारिटिन नावाचा त्यातला नकोसा घटकही कमी होतो. मॉलमधे मिळणाऱ्या शेवयांसारख्या एनोकीला तर शिजवल्याशिवाय हात लावू नका. २०२० साली अमेरिकेत कोरियाहून गेलेल्या एनोकीमुळे लिस्टेरिया नावाच्या जिवाणूची साथ आली होती आणि त्यात माणसं दगावली. घरात गरोदर बाई, म्हातारं माणूस असेल तर हे दुप्पट लागू.

मोठ्या आचेवर, कढईत गर्दी न करता. आधी चर्र वाजतं, मग मशरूम पाणी सोडतं आणि आवाज बसतो, आणि ते पाणी आटलं की पुन्हा चर्र वाजायला लागतं. हा दुसरा चर्र येईपर्यंत मसाला टाकायचा नाही. पहिल्यांदाच खाणाऱ्याला दोन-चारच फोडी द्या. काहींना सोसत नाही, अंगावर पुरळ येतं किंवा पोट बिघडतं.

उरलेला रस्सा उन्हाळ्यात ओट्यावर तासाभराच्या वर ठेवू नका. पसरट भांड्यात काढून गार करा आणि फ्रिजमधे ठेवा. 'मशरूम पुन्हा गरम केलं की विष होतं' असं म्हणतात, ते खरं नाही. फ्रिजमधे ठेवलेला रस्सा दुसऱ्या दिवशी चांगली उकळी आणून खाता येतो. मात्र लागेल तेवढाच काढून गरम करा. एकच पातेलं चारदा गरम-गार केलं तर मशरूमच काय, वरणही बिघडेल.

जास्त झालं तर

कच्चं फ्रीजरमधे टाकलं तर सुटल्यावर स्पंजासारखं होतं. म्हणून आधी तव्यावर कोरडं परता, पाणी आटवा, पूर्ण गार करा आणि पिशवीत चपटं भरून गोठवा. रंग राखायचा असेल तर अर्धा लिटर पाण्यात चमचाभर लिंबाचा रस घालून त्यात ५ मिनिटं ठेवा, मग काप असतील तर ३ मिनिटं आणि अख्खी असतील तर ५ मिनिटं वाफ द्या. मी दोन-तीन महिन्यांत संपवते. वापरताना ओट्यावर सुटायला ठेवत नाही, थेट रश्श्यात टाकते.

वाळवायला धिंगरीसारखं सोपं काही नाही, आणि मराठवाड्यातलं एप्रिलचं ऊन एवढ्या एका कामासाठी तरी देवाचं देणं आहे. बोटाएवढ्या पट्ट्या फाडा, सुती धोतरावर पसरा, वर पातळ ओढणी टाका. रात्री आत घ्या. दहा किलोची जवळजवळ एक किलो होते. वाळली की नाही हे मोडून बघा. पापडासारखी कटकन तुटली पाहिजे. वाकली तर अजून ऊन हवं. काचेच्या बरणीत भरा आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा मोडून बघा. मऊ पडली असेल पण बुरशी किंवा वास नसेल तर पुन्हा ऊन दाखवा, बुरशी दिसली तर बरणी रिकामी.

बाजारातला मशरूमचा डबा फुगलेला असेल, उघडताना फुस्सकन पाणी उडालं तर चाखूही नका. उघडल्यावर उरलेलं त्या पत्र्याच्या डब्यात ठेवू नका.

आणि त्या कुत्र्याच्या छत्र्या

वर सांगितलेली बोट, नाक, डोळ्यांची परीक्षा फक्त विकत आणलेल्या, पिकवलेल्या मशरूमसाठी आहे. मशरूम शिळं आहे की ताजं, एवढंच ती सांगते. विषारी आहे की नाही हे सांगत नाही. जंगली विषारी मशरूम अगदी ताजं, कोरडं आणि सुगंधी असू शकतं.

पहिले दोन पाऊस झाले की बांधावर, उकिरड्यावर, कॉलेजच्या हिरवळीवर छत्र्या उगवतात. हिरवळीवरची एक तर फार देखणी. ताटलीएवढी पांढरी टोपी, त्यावर तपकिरी खवले, कधी गोल रिंगणात उभी. जून झाली की खालच्या पाकळ्या हिरवट होतात. तिचं शास्त्रीय नाव क्लोरोफिलम मॉलिब्डाइट्स. खाल्ली की एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात, आणि कोवळी असताना तिच्या पाकळ्या पांढऱ्याच असतात, त्यामुळे ओळखू येत नाही.

घरोघरी ऐकलेल्या परीक्षा सगळ्या खोट्या. चांदीचा चमचा काळा पडतो तो गंधकामुळे, या विषांमुळे नाही. लसूण किंवा तांदूळ रंग बदलतो हेही तसंच. किड्यांनी, शेळीनं खाल्लं म्हणून आपल्याला चालेल असं नाही, त्यांचं शरीर वेगळं. मोबाइलवर फोटो काढून नाव सांगणाऱ्या अ‍ॅपवर जीव टांगू नका. वारुळावर उगवणारी अळिंबी काही घरांत पिढ्यान्‌पिढ्या ओळखून खातात. ती ओळख त्यांची आहे, लेख वाचून आपल्याला येत नाही. सासूबाईंचं म्हणणं इथं शंभर टक्के खरं.

सगळ्यात वाईट विष अ‍ॅमाटॉक्सिन नावाचं. उकळून, तळून, वाळवून ते जात नाही. खाल्ल्यावर ६ ते २४ तास काहीच होत नाही, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. मग उलट्या-जुलाब, मग एखादा दिवस बरं वाटतं, आणि त्याच दिवसात आतून यकृत निकामी होत असतं. म्हणून रानातलं मशरूम खाऊन कुणाला त्रास झाला तर 'उतरेल थोड्या वेळानं' म्हणून घरी बसू नका. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, ताक-लिंबू देत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट मोठा दवाखाना गाठा. त्याच ताटातलं ज्या-ज्या कुणी खाल्लंय त्यांना बरं वाटत असलं तरी सोबत न्या. किती वाजता खाल्लं आणि त्रास कधी सुरू झाला, हे डॉक्टरांना सांगा. आणि उरलेलं मशरूम, सालपट, शिजवलेली फोड, जे मिळेल ते बरोबर न्या. प्लास्टिकमधे नाही, कागदी पिशवीत.